रुमालात बांधलेले राज्य

आज १७ सप्टेंबर २०२५. सकाळी जालन्याच्या टाऊन हॉलच्या आवारात, हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकरांच्या स्मारकापाशी झेंडावंदन होईल. पोलिसांची मानवंदना होईल, पुष्पचक्रे वाहिली जातील, भाषणांत स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांची नावे घेतली जातील. ७७ वर्षांपूर्वी याच तारखेला सातव्या निजामाने रेडिओवरून हार कबूल केली आणि मराठवाडा सुटला. कार्यक्रम आटोपला की मंडळी पांगतील. त्यातले बरेच जण गावी जाऊन घरातली जुनी लोखंडी पेटी पुन्हा एकदा उपसतील. ज्या राज्यातून सुटलो म्हणून सकाळी झेंडा लावला, त्याच राज्याचा एखादा कागद आजोबा-पणजोबांच्या नावाचा सापडतो का, हे पाहण्याचे सध्याचे दिवस आहेत.

दोन आठवड्यांपूर्वी, २ सप्टेंबरला, राज्य सरकारने मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णय काढला. तेव्हापासून जिल्ह्यात चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे 'गॅझेट' हाच शब्द आहे. खरे तर गॅझेट वेगळे आणि गॅझेटियर वेगळे. गॅझेट म्हणजे सरकारचे राजपत्र, त्यात हुकूम छापतात. गॅझेटियर म्हणजे एखाद्या मुलखाचे वर्णन: नद्या, पिके, बाजार, जाती, माणसांची गणती. ज्याला हुकूम समजून लोक हातात घेऊन नाचले तो मुळात वर्णनाचा ग्रंथ आहे. हा फरक भाषेपुरता असता तर सोडून देता आला असता. पण या निर्णयाचे पुढे काय होणार, तेही या फरकावरच ठरणार आहे.

गॅझेटियरात कुणबी आहेत, भरपूर आहेत. इंग्रजी अमदानीच्या अखेरच्या शतकात तयार झालेल्या या ग्रंथांत हैदराबाद संस्थानातला सर्वांत मोठा वर्ग म्हणून शेती कसणाऱ्या कापू आणि कुणब्यांचीच नोंद आहे. आज ज्या गावांत कुणबी म्हणून एक घर सापडत नाही तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणबी मोठ्या संख्येने होते, मग ते गेले कुठे, हा मराठा आरक्षणाच्या आंदोलकांचा सवाल बिनतोड आहे. ते कुठेही गेले नाहीत. कसणारा तोच राहिला, कागदावरचा शब्द बदलला. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी लोकांना 'कुणबी लिहा' असे सांगितले, तिथे शब्द टिकला. मराठवाड्यात असे सांगणारे कोणी भेटले नाही. एका नदीच्या अलीकडे-पलीकडे सोयरिकी होतात, आणि एकाचा दाखला निघतो, दुसऱ्याचा निघत नाही, हे बुलडाणा आणि जालन्याच्या सीमेवर राहणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही.

पण गॅझेटियरात डोकी मोजलेली आहेत, नावे लिहिलेली नाहीत. आणि जातीचा दाखला गावाला मिळत नाही, माणसाला मिळतो. त्यासाठी वंशावळ लागते, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि दाखला निघाला तरी पुढे पडताळणी समितीसमोर तो टिकावा लागतो. २००० सालच्या जात पडताळणी कायद्यात यातली एकही अट शिथिल झालेली नाही. २ सप्टेंबरच्या निर्णयाने केले ते एवढेच: गावपातळीवर तिघांची समिती नेमली. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. म्हणजे आपले तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. पदांची नावे अलीकडे भारदस्त झाली, सज्जा तोच आहे. ज्याच्याकडे जमिनीचा पुरावा नाही त्याने १९६७ च्या त्या तारखेपूर्वी आपले पूर्वज याच भागात राहत होते असे प्रतिज्ञापत्र द्यायचे, गावातल्या किंवा कुळातल्या ज्या नातेवाइकाला कुणबी दाखला मिळाला आहे त्याने तसे लिहून द्यायचे, समितीने चौकशी करायची. मुंबईहून गुलाल उधळत परतलेल्यांच्या मनातला अर्थ आणि कागदावरचा अर्थ यांत किती अंतर आहे, ते पहिला दाखला पडताळणीला जाईल तेव्हा कळेल.

या अंतराला सरकार जबाबदार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांचे उपोषण सोडवण्याची घाई होती. आझाद मैदान रिकामे करण्याविषयी उच्च न्यायालयाने कान उपटले होते. अशा वेळी दोन्ही बाजूंना आपापला अर्थ काढता येईल अशी भाषा लिहिणे ही मंत्रालयाची जुनी कला. जरांगे म्हणतात, मराठवाड्यातला मराठा आता ओबीसीत गेला. मंत्री म्हणतात, सरसकट काहीच दिलेले नाही, ज्याचा पुरावा त्याचा दाखला. ओबीसींचे नेते, मंत्री छगन भुजबळ दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीकडे फिरकले नाहीत. एकाच कागदावर तिघेही बोट ठेवतात. हे सगळे निस्तरायचे कोणी? गावातल्या तलाठ्याने.

आणि तलाठी म्हटल्यावर जालना जिल्ह्यात सध्या वेगळेच काही आठवते. अतिवृष्टीच्या अनुदानात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत बोगस नावे घुसवून पैसे उचलल्याचे प्रकरण याच वर्षी उघडकीला आले, तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण ज्या यंत्रणेने परवा-परवाच्या पावसात कोणाचे किती पीक बुडाले याची यादी धड ठेवली नाही, तिच्याकडेच आता पणजोबा कोण होते याचा निवाडा आला आहे. त्यात गावातले राजकारण, भावकीतले वाद आणि दाराशी उभा असलेला निवडणुकीचा हंगाम मिसळा. समितीतल्या तिघांची आम्हाला कीव येते. नाही म्हटले तर गाव विरोधात, हो म्हटले तर उद्या पडताळणीत नोकरीवर गदा.

आता थोडे त्या जुन्या कागदांविषयी.

दप्तरखान्यात जुने कागद कापडात बांधून ठेवायची रीत आहे. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. गेल्या दोन वर्षांत जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयांतले किती रुमाल सुटले असतील याची कल्पना करवत नाही. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमली गेली, ती हैदराबादेपर्यंत जाऊन आली. खासरापत्रक, पाहणीपत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, गाव नमुना १४, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा ही नावे एरवी वकील आणि जमिनीचे दलाल यांनाच पाठ असत. आता ती कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी आहेत. कागद कधी मोडीत, कधी उर्दूत, शिक्के फारसी वळणाचे, साल फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघते, हे गणित ज्यांना येत होते ते कारकून निवृत्त होऊन जमाना झाला. हैदराबाद संस्थानाचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा. सालारजंगांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्हाबंदी केली, पाहणी-मोजणी सुरू केली, त्या व्यवस्थेचा हा पसारा. राज्य जुलमी होते, रझाकारांनी गावे जाळली, हे सगळे खरे. पण त्या राज्याचा कारकून रकाना मोकळा सोडत नसे, हेही खरे.

ज्या राज्याने इथल्या बहुसंख्यांना त्यांच्या भाषेत शिकू दिले नाही, त्याच्या भाषेतल्या कागदावर आता त्यांच्या नातवांचा प्रवेश अवलंबून आहे. याला इतिहासाचा सूड वगैरे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यात आश्चर्य काहीच नाही. कायद्याच्या जगात राज्ये मरतात, कागद मरत नाहीत. हैदराबादचा कूळ कायदा १९५० चा, इनामे रद्द करणारा १९५४ चा. दोन्ही हैदराबाद राज्याच्या अमलाखाली झाले आणि ते राज्य १९५६ मध्ये नकाशावरून गेले तरी मराठवाड्यातल्या जमिनीचे तंटे अजून त्यांचाच आधार घेऊन चालतात. जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड हे तालुके तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, परतूर परभणीत. १ मे १९८१ रोजी त्यांचा जालना जिल्हा झाला. लोकांना कचेरी जवळ आली. दप्तर किती जवळ आले, ते आता शोधायला निघाल्यावर समजते आहे.

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २९ ऑगस्ट २०२३ ला जरांगे यांचे उपोषण सुरू झाले आणि १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठी चालवली, तिथून पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. वाशीपर्यंतचा मोर्चा, सगेसोयऱ्यांनाही दाखले देण्याचा मसुदा, २० फेब्रुवारी २०२४ चे विशेष अधिवेशन आणि एकमताने झालेला दहा टक्के मराठा आरक्षणाचा कायदा. त्या आधी २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. नवा कायदा उच्च न्यायालयात आहे आणि त्याखाली मिळणारा प्रत्येक प्रवेश निकालाच्या अधीन आहे. अंतरवालीपासून अगदी जवळ वडीगोद्री आहे. जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे तिथे उपोषणाला बसले, ओबीसींच्या ताटातले काढू नका म्हणून. एकाच तालुक्यातली, एकाच महामार्गावरची दोन गावे, दोन मांडव. वडीगोद्रीची भीती खोटी नाही. माळी, धनगर, वंजारी, सुतार, कुंभारांच्या पोरांना आत्ता कुठे जिल्हा परिषदेत आणि तहसिलीत खुर्ची दिसू लागली होती. याच आठवड्यात बंजारा समाजाचा मोर्चा जालन्यात निघाला, त्यांच्याही हातात हैदराबादचेच गॅझेट: त्यात आम्ही आदिवासी आहोत, तेव्हा आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या. एका ग्रंथाचे एक पान खरे मानले की बाकीची पाने खोटी कशी म्हणणार, याचा विचार निर्णय लिहिणाऱ्यांनी केला होता का?

हे सगळे जालन्यातच का उगवले, या प्रश्नाला राजकारणाची उत्तरे पुष्कळ आहेत. आम्हाला दुसरे एक उत्तर जास्त महत्त्वाचे वाटते.

'जालना सोने का पालना' ही म्हण व्यापाऱ्यांच्या काळातली. नंतरच्या काळातही पाळणा रिकामा नव्हता. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिकोची स्थापना केली, जालन्याचे बियाणे देशभर गेले, त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशातली पहिली बीटी कपाशी २००२ मध्ये याच घराण्याच्या कंपनीच्या भागीदारीतून आली. भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या औद्योगिक वसाहतीत उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी स्लॅबांत जालन्याचे लोखंड आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, यंदा जूनमध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. मुंबईची वंदे भारत जालन्यातून जाते. रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा आहे. ड्रायपोर्टची कोनशिला डिसेंबर २०१५ मध्ये बसली. त्याविषयी तूर्त एवढेच.

कागदावर असा जिल्हा कोणालाही हेवा वाटावा असा. पण भट्टीवर उभा असणारा मजूर बहुधा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो, आणि अंबडचा पोरगा पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा क्लास लावून बसलेला असतो. त्याला भट्टी नको, हे खरे. भट्टीच्या पगारावर, उष्णतेवर आणि अपघातांवर कोणाला संसार मांडावासा वाटेल? बियाण्याचा नफा कंपनीचा, परागीकरणाची रोजंदारी गावातल्या बायकांची. बापाकडे होती ती वीस एकर दोन वाटण्यांत पाच एकरांवर आली. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने जगवलेल्या मोसंबीच्या बागा शेवटी तोडून सरपणाला गेल्या, आणि ज्यांच्या गेल्या त्यांतल्या अनेकांनी पुन्हा मोसंबी लावली नाही, सोयाबीन पेरले. सोयाबीनचा भाव हमीभावाखाली. पाच एकर कपाशी-सोयाबीनवर मुलाची फी, मुलीचे लग्न आणि म्हाताऱ्याचे दवाखान्याचे बिल यांतले एकच भागते. ज्या समाजाला गावात पाटीलकीचा मान होता त्याच समाजातला मुलगा 'आम्ही मागास आहोत, तसे लिहून द्या' म्हणत रांगेत उभा राहतो, तेव्हा शेतीचे काय झाले ते विचारायला वेगळ्या आयोगाची गरज नाही. जमीन होती म्हणून मान होता. जमिनीने दगा दिला, आता नोकरी हाच सातबारा.

आणि इथे आम्हाला दुसरे दोन कागद आठवतात. ते फसलीतले नाहीत, मोडीतलेही नाहीत. वाचायला जाणकार लागत नाही.

पहिला नागपूर कराराचा, २८ सप्टेंबर १९५३ चा. मराठवाडा महाराष्ट्रात आला तो अट न घालता, असे आपण अभिमानाने सांगतो. अट नव्हती, पण करार होता. सरकारी खर्च, शिक्षणाच्या सोयी आणि नोकऱ्या यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष, असे त्यात लिहिले होते. त्यातले एक कलम आजही पाळले जाते: दरवर्षी नागपूरला अधिवेशन भरते.

दुसरा कागद म्हणजे राज्यघटनेचे कलम ३७१ (२). ते १९५६ चे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे, निधीची न्याय्य विभागणी, आणि या तिन्ही भागांना तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी व राज्याच्या सेवेत नोकरीची पुरेशी संधी, यांची जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात असे त्यात म्हटले आहे. शिक्षण आणि सरकारी नोकरी. अंतरवालीच्या मांडवात जे मागितले गेले ते शब्दशः या कलमात आहे, आणि तिथे जात विचारलेली नाही. वडीगोद्रीच्या मांडवातल्यांनाही ते तितकेच लागू होते, मोर्चातल्या बंजाऱ्यांनाही.

त्याचे झाले काय? मंडळे स्थापन व्हायला १९९४ उजाडले. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाचा अनुशेष मोजला होता, तो भरून निघायच्या आधीच मोजण्याची पद्धत कशी चुकीची होती यावर वाद झाले. प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला आणि मांडलेलाच राहिला. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. त्या दिवशी टाळेबंदी होती, कोणाचे लक्ष गेले नाही म्हणावे. पण टाळेबंदी उठून किती वर्षे झाली? पुनर्गठनाचा निर्णय २०२२ मध्ये झाला, मंडळे अजून उभी राहिलेली नाहीत. मधल्या काळात, लाठीमाराला पुरते पंधरा दिवस होत असताना, १६ सप्टेंबर २०२३ ला छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक भरली आणि मराठवाड्यासाठी जवळपास ५९ हजार कोटींच्या घोषणा झाल्या. त्यातल्या कोणत्या कामाची किती रक्कम खर्च झाली, याचा तालुकावार हिशेब विचारायचा तर तो कोणाला विचारावा? विचारण्यासाठी जी मंडळे होती तीच नाहीत.

निजामाचा कागद मानायला सरकार तयार झाले, चांगलेच झाले. जो खरोखर कुणबी आहे त्याला दाखला मिळालाच पाहिजे, आणि तो पडताळणीत टिकेल असा मिळाला पाहिजे. पण जे सरकार शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या राज्याच्या कारकुनाचा शब्द प्रमाण मानते, त्याला स्वतःच्या घटनेतले कलम आणि स्वतःच्या नेत्यांच्या सह्यांचा करार जुना वाटतो. यात सोय आहे. निजामाच्या कागदाने जे द्यायचे ते एका समाजाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात जाते, तिजोरीतून काही जात नाही. ३७१ चा कागद उघडला तर पाणी द्यावे लागते, महाविद्यालये द्यावी लागतात, रिकाम्या जागा भराव्या लागतात. पहिला कागद गावागावांत भांडण लावतो, दुसरा मुंबईशी भांडायला लावतो. आणि आपले पुढारी, सर्व पक्षांचे, मुंबईशी भांडण्यात पहिल्यापासून कच्चे आहेत. याबाबत मराठवाड्यातल्या मतदारांनी त्यांना कधी नापास केले नाही, हा भाग वेगळा.

मुक्तिसंग्रामात उतरलेल्यांनी ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी आपले राज्य मोडू दिले, त्यांच्या नातवंडांच्या पदरात महाराष्ट्राने काय टाकले, हा प्रश्न आजच्या झेंडावंदनाच्या भाषणात कोणी विचारणार नाही. आज मराठवाड्यात काही ठिकाणी पालकमंत्र्यांच्या हातून कुणबी दाखल्यांचे वाटप व्हायचे आहे. फोटो निघतील, ते निघावेत. दाखला हातात पडलेल्याच्या तोंडावरचा आनंद खोटा नसतो.

उद्यापासून पुन्हा तहसिलीत रुमाल सुटतील. मोडी वाचणारा जुन्या पाहणीपत्रकावर वाकेल, गठ्ठ्यातली पाने एकेक उलटेल, कुणबी या शब्दावर येऊन थांबेल किंवा न थांबता पुढे जाईल. त्याच पानावर, कसणाऱ्याच्या नावापासून थोड्याच अंतरावर, पिकाचा आणि पाण्याचा रकाना असतो. तिथे निजामाच्या कारकुनाने एकाखाली एक लिहून ठेवले आहे: खुश्की, खुश्की, खुश्की. म्हणजे कोरडवाहू. जात शोधणाऱ्याचे बोट त्या रकान्यावरून पुढे सरकते. शेताकडे पाहिले तर नोंद अजून बरोबर आहे.